पिन बदलल्याचे पैसे घेतले, बसवला खिळा

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि पीक-संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची घोड्याची दुनळी बंदूक. ती वडिलांच्या वेळची. माकडं कलमांवर उतरली की आवाज काढायला लागते, एवढंच तिचं काम.

निवडणुकीत ती पोलीस ठाण्यात जमा होती. परत आणली तर डाव्या नळीचा बार होईना. घोडा पिनेवर पडायचा, पिनेचा ठोका काडतुसाच्या केपेवर, म्हणजे बुडाच्या पेटणाऱ्या टोपीवर, दिसायचाही, पण उथळ. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून गावातल्या लोहाराकडे न जाता मी परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच गेलो. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही पिना झिजल्यात, स्प्रिंगाही गेल्या. माझ्याकडे ओरिजिनल माल आहे." सहा हजार आठशे रुपये घेतले. पावतीवर एकच शब्द होता, 'दुरुस्ती'. जुने भाग मी मागितले नाहीत. इथेच फसलो.

पंधरा-सोळा बार नीट गेले. मग एका सकाळी उजवी नळी मुकी राहिली. मी लगेच बंदूक उघडणार, तोच शेजारचे काका ओरडले, "उघडू नको! नळी समोरच धर." काका सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, होते. केप कधीकधी उशिरा पेटते, म्हणून बार न झाल्यास नळी मोकळ्या दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं असतं. त्या वेळी ते माझ्या डोक्यातही नव्हतं.

मग दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून काकांनी पडवीत जुनं धोतर पसरलं आणि पिना बाहेर काढल्या. उजव्या पिनेचं टोक ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं होतं. त्यावर त्यांनी कानस फिरवली तर ती लोण्यासारखी रुतली. पाणी देऊन कडक केलेल्या पोलादावरून कानस नुसती घसरते. "ही पिन न्हय, हो खिळो आसा," काका म्हणाले. डावी पिन तर त्याहून वाईट, कारण तिचं टोक अणकुचीदार घासलेलं होतं. पिनेचं टोक गोल आणि गुळगुळीत हवं. टोकदार असलं की केप फुटते आणि पेटलेला वायू मागे, डोळ्यांकडे येतो. मी उडवलेल्या काडतुसांपैकी दोहोंच्या केपा फुटायच्या बेतात होत्या. त्या बघून माझे हात थरथरले.

काकांनी नोकरीत एसएलआर सांभाळल्या. ती ७.६२ मिलिमीटरची अर्ध-स्वयंचलित (सेल्फ-लोडिंग) रायफल. रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढची गोळी ती आपोआप भरते, त्यामुळे पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी किंवा त्याची स्प्रिंग जराशी थकली तरी अडते. म्हणून फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि स्प्रिंगा दिसायला चांगल्या असल्या तरी ते भिंगाखाली धरून बघत. पिनेचं टोक किती बाहेर येतं हे गेजने मोजलं जाई. आमच्या दुनळीत भाग कमी असले तरी पिनेचं काम तेच.

आणि स्प्रिंगा? त्या बदललेल्याच नव्हत्या. वडिलांनी एकीवर कानशीने केलेली खूण तशीच होती. पॉलिश पेपर मारून माझ्याच स्प्रिंगा मला विकल्या होत्या. पिनेच्या भोकात अजूनही पिवळट डिंकासारखा थर होता, वर्षानुवर्षं लावलेलं तेल वाळून घट्ट झालेलं. त्यातच पिन अडकत होती, असं काकांचं मत. म्हणजे वडिलांच्या पिना बहुधा ठीक होत्या, रॉकेलने धुणं पुरलं असतं.

तुमच्याकडे बंदूक असेल तर दुरुस्तीला देण्याआधी आतल्या भागांचे फोटो काढा. पावतीवर प्रत्येक भागाचं नाव लिहून घ्या आणि जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिल्या दहा बारांची रिकामी काडतुसं टाकू नका. दोन्ही नळ्यांचे ठोके शेजारी ठेवून बघा.

मी परत गेलो तेव्हा तो माणूस म्हणाला, "जुनं सामान भंगारात गेलं." दुसऱ्या परवानाधारकाने माझ्यासमोर नव्या पिना बसवल्या. तो खिळा आणि पावतीची प्रत जोडून मी जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रार दिली आहे. पण वडिलांच्या पिना मात्र गेल्या त्या गेल्याच.