व्हीजीए पोर्टवालं '१०५० टीआय' ग्राफिक्स कार्ड कोणी देत असेल तर पैसे देऊ नका

आधी आकडे. ग्राफिक्स कार्ड ६,५००, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) २,३००, रॅम १,६५०, घरी येऊन बघणाऱ्याचे ५००. एकूण १०,९५० रुपये गेले, त्यातले ८,८०० एकाच दुकानदाराने खाल्ले. नाव लिहीत नाही, तक्रार द्यायची आहे अजून. पण सुट्टीत मुलं पीसी असेंबल करतात, बजेट कमी असतं, सेकंडहँड कार्ड शोधत फिरतात, त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं.

मुलासाठी पीसी जमवला होता, इंटेलचा आय३ १०१००एफ प्रोसेसर घातला कारण एफवाला स्वस्त पडतो. त्याला स्वतःचा डिस्प्ले नसतो, म्हणजे कार्ड लागणारच. पुण्यातच एका दुकानाची ऑनलाइन जाहिरात दिसली, 'जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, टेस्टेड'. रस्त्यावरचा माणूस नव्हता हो, पक्कं दुकान, काचेवर जीएसटी नंबर चिकटवलेला. त्याने आपल्या पीसीत लावून दाखवलं, स्क्रीनवर नाव १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. गेम लावून दाखवा म्हटलं तर म्हणे नेट स्लो आहे, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उतरायला तास जाईल.

आणि मग ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. कार्ड उलटं करून त्याने पोर्ट दाखवले, एचडीएमआय, डीव्हीआय आणि शेवटी निळा व्हीजीए. आमचा मॉनिटर जुना, व्हीजीएचाच. तो म्हणाला, "बघा सर, कन्व्हर्टरचे पैसे पण वाचले तुमचे." मी खूश. तिथेच कळायला हवं होतं! व्हीजीए म्हणजे जुना अ‍ॅनालॉग सिग्नल, आणि हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने १० सिरीजमध्ये अ‍ॅनालॉग आउटपुटच काढून टाकलाय, २०१६ च्या त्या कार्डावर व्हीजीए येईल कुठून? डीव्हीआयच्या आडव्या खाचेभोवती चार बारीक भोकं दिसली तरी तोच अर्थ, ती अ‍ॅनालॉगचीच. पण मी अकाउंट्सचा माणूस, मला हे कोण सांगणार, आणि ज्याला माहीत होतं त्यानेच ते फायदा म्हणून विकलं.

घरी विंडोज नीट चढलं. ड्रायव्हर टाकला की स्क्रीन काळी, मग निळी, 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' (ग्राफिक्स ड्रायव्हर अडकल्याची एरर), रीस्टार्ट. ड्रायव्हर काढला की चालतं, मग विंडोज अपडेट स्वतःच ड्रायव्हर टाकतं की परत तेच. दुकानदाराला फोन केला तर "एसएमपीएस कमी पडतोय सर" आणि त्यानेच २,३०० चा दुसरा गळ्यात मारला. अहो, अस्सल १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड, बहुतेक मॉडेलं तर स्लॉटमधूनच पॉवर घेतात, चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस त्याला कसा कमी पडेल? घरी बघायला आलेला रिपेअरवाला मुलगा म्हणाला रॅम खराब. नवीन रॅम आणली, रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही एरर नाही. कार्ड काढून बघावं तर एफ प्रोसेसर, कार्डाशिवाय स्क्रीनच येत नाही, त्यामुळे खरा चोर सगळ्यात शेवटी सापडला. तुमचाही एफ असेल तर पार्ट बदलत बसण्याआधी कोणाचं तरी कार्ड मागून आणा.

मित्राचं जुनं जीटी ७१० लावलं, पीसी दिवसभर हूं की चूं न करता चालला. मग त्याने आमच्या कार्डावर जीपीयू-झी चालवलं, कार्डाच्या आत खरं काय आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर. नावाआधी कंसात 'फेक'. आत चिप जीएफ११६, म्हणजे २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयवाली. १९२ कोअर. अस्सलला ७६८ असतात. कार्डाचं बायोस, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदलून नाव टाकलेलं, मग विंडोज बिचारं तेच नाव दाखवणार.

दुकानदार म्हणाला, "टेस्टिंग वॉरंटी होती, संपली." चौकीत गेलो. पक्कं बिल आहे का? नाही, कच्ची पावती आहे. मग हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. मी ४२० म्हटलं तर हवालदार म्हणे ते कलम आता राहिलं नाही. राहिलं नाही म्हणजे काय, न्याय संहितेत ३१८ आहे ना फसवणुकीचं! मग म्हणे पैसे यूपीआयने दिलेत ना, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात ओटीपी गेला नाही, लिंक उघडली नाही, समोरासमोर व्यवहार झालाय, चौकीत जा. जीपीयू-झीचा स्क्रीनशॉट दाखवला तर साहेबांनी बघितला पण नाही, "कॉम्प्युटरचं आम्हाला काय कळतं, रिपेअरवाल्याकडून लिहून आणा". रिपेअरवाला लिहून देईना, त्याला त्याच मार्केटमध्ये धंदा करायचाय. साडेसहा हजारांसाठी एवढं काय, असं तोंडावर ऐकवलं मला. ज्याने असे पन्नास विकले असतील त्याचे किती झाले, हा हिशेब कोणी करायचा?

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा जीपीयू-झी पेन ड्राइव्हवर घेऊन जा, छोटीशी फाइल आहे, आणि २.१२ च्या आधीचं व्हर्जन नको, त्यात नकली ओळखत नाही. ड्रायव्हर दुकानदाराला तुमच्यासमोरच टाकायला लावा, नेट नसेल तर तुमचा हॉटस्पॉट द्या, तरी टाळाटाळ केली तर उठून या. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, 'ग्राफिक कार्ड १ नग' चालणार नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, तक्रार ऑनलाइनही देता येते. कच्ची पावती, यूपीआयची नोंद आणि दुकानदाराचे एसएमपीएसवाले मेसेज जोडून मी देतोय. कार्ड परत कर, अर्धे पैसे देतो असा निरोप आलाय त्याचा. कार्ड देणार नाही, पुरावा तोच आहे.