ईआरपी शिकायचंय: सॅपचा क्लास की घरचा ईआरपीनेक्स्ट?

बडोद्यातल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ११ वर्षं स्टोअर आणि खरेदी सांभाळतोय. टॅली येत होतं, एक्सेल येत होतं. ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर, मात्र वेगळं शिकावं लागलं, आणि ते दोन वाटांनी शिकलो. आधी सॅप या ईआरपीतल्या एमएमचा, म्हणजे खरेदी-साठ्याच्या भागाचा, शनिवार-रविवारचा क्लास, मग घरच्या लॅपटॉपवर ईआरपीनेक्स्ट हे दुसरं ईआरपी. भाचीनं यंदा सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. केलं. परवा दांडिया बाजारात आईकडे जेवायला बसलो असताना तिनं विचारलं, "मामा, क्लास लावू की घरीच शिकू?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

क्लासनं मला पुष्कळ दिलं, हे आधी सांगतो. शिकवणारे सर स्वतः दोन-तीन कारखान्यांत सॅप बसवून आलेले होते. पर्चेस ऑर्डर एमई२१एनमध्ये, माल आला की मिगो, बिल आलं की मिरो, ही सॅपच्या स्क्रीनची साखळी त्यांनी बोटांत बसवली. मालाच्या प्रत्येक हालचालीला आकडा असतो: १०१ म्हणजे माल आत, १०२ म्हणजे तीच नोंद उलटी, ५४१ म्हणजे जॉब वर्कवाल्याकडे (आपल्या मालावर बाहेर काम करून देणाऱ्याकडे) पाठवलेला माल. हे आकडे आता झोपेतही सांगेन. मुलाखतीत समोरचा माणूस याच भाषेत विचारतो आणि ती भाषा घरी बसून येत नाही. ठरल्या वेळी जाऊन बसण्याची शिस्त लागते ती वेगळीच.

माझं मन तिथून उठलं ते एका गोष्टीमुळे. सर्व्हर आपला नव्हता.

सरावासाठी सगळ्या बॅचेसना एकच सिस्टीम, एकच क्लायंट (सॅपमधला डेटाचा कप्पा), एकच कंपनी कोड (त्यातली कंपनी). एका रविवारी मी ५०० किलो तांब्याच्या पट्टीची ऑर्डर टाकली होती, ८०० रुपये किलोनं. मुद्दाम ४८० किलोच माल आत घ्यायचा आणि बिल मात्र ५०० किलोचं लावायचं, मग सॅप काय करतं ते बघायचं, असा बेत. आमच्या गेटवर हे महिन्यातून दोनदा घडतं, म्हणून मला ते बघायचंच होतं. मिगोत पोस्ट दाबलं तर खाली लाल ओळ: या कंपनी कोडमध्ये फक्त अमुक आणि अमुक महिन्यातच पोस्टिंग करता येईल. दुसऱ्या बॅचमधल्या कुणीतरी सराव म्हणून एमएमपीव्ही ही महिना बदलण्याची कमांड चालवून पिरियड, म्हणजे नोंदींसाठी उघडा असलेला महिना, पुढे ढकलला होता. तो सहज मागे येत नाही. सर त्या दिवशी नव्हते. दोन तास गेले. पुढच्या रविवारी पिरियडचा घोळ मिटला, पण माझ्याच मटेरियलवर दुसऱ्या कुणीतरी साठा चढवून ठेवला होता, त्यामुळे आकडे जुळेनात.

चूक कुणाचीच नव्हती. शिकणारा माणूस बटणं दाबणारच. पण चूक करून बघायची मोकळीक नसेल तर ईआरपी कळत नाही, असं माझं प्रामाणिक मत झालं. शेवटी तो बेत जमला तेव्हा दिसलं की मिरो बिल नोंदवून घेतं, पण जास्तीच्या २० किलोमुळे पेमेंटला ब्लॉक लावतं, आणि जीआर-आयआर खात्यात (आलेला माल आणि आलेलं बिल यांचा मेळ घालणाऱ्या खात्यात) १६,००० रुपये लटकत राहतात. फार सुंदर गोष्ट आहे ही. आमचे अकाउंटवाले वर्षअखेरीला ज्या फरकांचा शोध घेत बसतात, त्यातले कितीतरी इथेच जन्मतात. हे एकदा बघायला मला तीन रविवार लागले. शिवाय कोर्स संपल्यावर महिन्याभरात लॉगिन बंद झालं, आणि माझ्या सगळ्या नोंदी पलीकडेच राहिल्या.

ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचं, ओपन सोर्स, लायसन्सचा पैसा नाही. माझ्या ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर डॉकरमधून (प्रोग्रॅम लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट चालवणाऱ्या साधनातून) चाललं. झरझर नाही, पण शिकायला पुरेसं. आता कंपनी माझी, वर्ष माझं, पिरियडही माझा. तीच तांब्याची पट्टी, तेच ४८० किलो. पर्चेस रिसीट सबमिट केली आणि तिथूनच अकाउंटिंग लेजर उघडलं. दोन ओळी दिसल्या: स्टॉक इन हँड नावे ३,८४,०००, स्टॉक रिसीव्ह्ड बट नॉट बिल्ड जमा ३,८४,०००. नावावरूनच कळतं की माल आला, बिल यायचंय. सॅपमधलं जीआर-आयआर मला खऱ्या अर्थानं समजलं ते या ओळीवर.

मग मी एक गोष्ट केली जी क्लासच्या सर्व्हरवर करायचं धाडस झालं नसतं. आधी बॅकअप घेतला. नवी कंपनी काढून तिच्यात पर्पेच्युअल इन्व्हेंटरीची खूण काढून टाकली आणि तीच पावती पुन्हा केली. साठा वाढला, पण खात्यात एकही ओळ पडली नाही. माल आत येताना हिशेबाची नोंद आपोआप का पडते, कुठल्या एका सेटिंगवर ती उभी आहे, हे त्या रात्री कळलं. पावती रद्द करायला गेलो तर आधी तिला जोडलेलं बिल रद्द करायला लावलं. कागद एकमेकांत कसे गुंतलेत, हे त्यातून कळलं.

घरच्या वाटेवर खडेही आहेत. डॉकर चढवण्यातच माझे दोन शनिवार गेले, आणि अडलं की विचारायला शेजारी कुणी नसतं. जीएसटीसाठी इंडिया कम्प्लायन्स हे वेगळं अॅप घालावं लागतं. तेही फुकट आहे, पण ते घालायचं असतं हे मला उशिरा कळलं. आणि मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती मी वर्षानुवर्षं वाचतोय, त्यांत सॅपच मागतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. ओडू हे आणखी एक ईआरपीही थोडं वापरून पाहिलं. दिसायला देखणं आहे, पण फुकटच्या आवृत्तीत पूर्ण अकाउंटिंग मिळत नाही आणि मला नेमकं तेच बघायचं होतं, म्हणून सोडलं.

तेव्हा ज्यांच्या कंपनीत सॅप चालू आहे किंवा येऊ घातलंय, ज्यांच्या हाताखालून दोन-तीन वर्षं चलान आणि बिलं गेली आहेत, त्यांनी क्लास खुशाल लावावा. त्यांना कारण माहीत असतं, फक्त बटण शिकायचं असतं. पैसे भरण्याआधी मात्र दोन गोष्टी विचारा. सराव ईसीसी या सॅपच्या जुन्या आवृत्तीवर आहे की एस/४हाना या नव्या आवृत्तीवर? ईसीसीची नेहमीची देखभाल सॅप २०२७ अखेर थांबवणार आहे, आणि एस/४हानात व्हेंडर-कस्टमर दोन्ही बिझनेस पार्टनर म्हणून एकाच ठिकाणी उघडतात. कुणी अजून व्हेंडरसाठी एक्सके०१ ही जुनी वेगळी स्क्रीन शिकवत असेल तर सराव जुन्यावर आहे हे समजून घ्या. दुसरं, लॉगिन किती महिने आणि किती जणांत? याचं उत्तर गोल-गोल आलं तर मी तरी थांबेन.

कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना मात्र मी आधी घरची वाट सुचवीन. तीन-चार महिने स्वतःची खोटी कंपनी चालवा, मग हवं तर क्लासला जा. सॅपच्या लर्निंग साइटवर बरंच साहित्य फुकट आहे, ते मधल्या काळात वाचता येतं. माझा क्रम उलटा झाला. सुलटा असता तर क्लासमधले ते तीन रविवार वाचले असते, असं वाटतं.

भाचीच्या लॅपटॉपवर गेल्या आठवड्यात सगळं चढवून दिलंय. तिनं आजोबांच्या जुन्या दुकानाच्या नावानं कंपनी काढली, खरेदी केली, विक्री केली, आणि आता जॉब वर्कवर अडली आहे. प्लेटिंगला पाठवलेला माल आपल्या साठ्यात का दिसतो, तो तर दुसऱ्याच्या गोदामात आहे ना, असा तिचा प्रश्न आहे. रविवारी ती लॅपटॉप घेऊन येणार आहे. आमच्या कारखान्याचं एक खरं जॉब वर्क चलान मी तिच्यासाठी काढून ठेवलंय.