मार्फाचे जुने नकाशे: आधी कोणता उघडावा?

पश्चिम टेक्सासमधले मार्फा १८८३ च्या सुमारास रेल्वेचा पाण्याचा थांबा म्हणून सुरू झाले. वाफेच्या इंजिनाला पाणी लागते, म्हणून कोरड्या माळावर टाकी आली, टाकीपाशी वस्ती झाली आणि चहूकडे हेरेफर्ड गुरांचे रँच पसरले. १८८५ मध्ये प्रेसिडिओ काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मुख्यालयही फोर्ट डेव्हिसहून इथे हलले. अशा गावाचा इतिहास नकाशांतून शोधायचा तर चार प्रकार हाती लागतात: सॅनबर्नचे विमा नकाशे, टेक्सासच्या जनरल लँड ऑफिसचे (राज्याच्या जमीन खात्याचे) काउंटी नकाशे, रेल्वेचे मूल्यांकन नकाशे आणि अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याचे टोपो नकाशे, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे.

बहुतेक जण आधी सॅनबर्नकडे धावतात, आणि त्यात नवल नाही. आगीच्या विम्यासाठी काढलेली ही पत्रके साधारणपणे एका इंचाला ५० फूट अशा प्रमाणात असतात. घर विटांचे असेल तर गुलाबी, लाकडी असेल तर पिवळे. मजले किती, छप्पर कशाचे, दुकान की राहते घर, सगळे नोंदलेले. गावात बंब आहे का, पाण्याची सोय कशी आहे, हेही वर लिहिलेले असते. मुख्य रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीचा माग काढायचा असेल तर याला तोड नाही. पण विमा कंपन्यांना रस होता तो दुकाने, गोदामे आणि दाट वस्तीत. कडेच्या मातीच्या घरांची वस्ती बऱ्याचदा पत्रकाबाहेरच राहते आणि रँच तर येतच नाहीत. म्हणजे गुरांच्या मुलखाचा नकाशा म्हणून सॅनबर्न उघडलात तर गुरेच सापडायची नाहीत.

माझे मत विचाराल तर लँड ऑफिसच्या काउंटी नकाशापासून सुरुवात करा. दिसायला तो रुक्ष असतो: नुसते चौकोन, आकडे आणि लघुरूपे. पण रेल्वे आणि रँच यांचे नाते इथे जसे उघड होते तसे बाकी तिन्हींत होत नाही. १८४५ मध्ये अमेरिकेत सामील होताना टेक्सासने आपली सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली. रोकड नव्हती, जमीन मुबलक होती. म्हणून १८५४ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना बांधलेल्या प्रत्येक मैलामागे १६ सेक्शन जमीन देऊ केली. एक सेक्शन ६४० एकरांचा. मोजणी कंपनीनेच करायची, आणि एकाआड एक सेक्शन राज्याच्या शाळा निधीसाठी सोडायचा. १८८२ मध्ये ही पद्धत बंद होईपर्यंत ३.२ कोटी एकरांहून अधिक जमीन रेल्वेच्या नावे झाली होती. नकाशावरचा तो बुद्धिबळाचा पट इथून आला. जमीन रुळांना लागूनच घ्यावी असे बंधन नसल्याने, ज्या कंपनीचा रूळ या भागात कधी आलाच नाही तिचेही नाव चौकोनात दिसू शकते. पुढे हे चौकोन विकत किंवा भाड्याने घेऊन रँच जुळवले गेले.

हा नकाशा वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मोजमाप ‘वारा’ या स्पॅनिश एककात असते. सुमारे १९०० वारा म्हणजे एक मैल. दुसरे, चौकोनातले नाव मूळ जमीन मिळालेल्याचे असते, नंतर तिथे गुरे राखणाऱ्याचे नव्हे. आपल्याकडे गाव नकाशावर गट नंबर बघून मालकासाठी सातबारा काढतो, तसे इथे नकाशावरून अ‍ॅबस्ट्रॅक्ट नंबर (मूळ जमीन-वाटपाचा क्रमांक) घेऊन काउंटी क्लार्कच्या दप्तरातली खरेदीखते उघडावी लागतात. तिसरे, पश्चिम टेक्सासात कित्येक मोजण्या जमिनीवर मोजणीची साखळी न ओढता कचेरीत बसून कागदावरच झाल्या. त्यामुळे कागदावर चिकटलेल्या दोन चौकोनांत प्रत्यक्षात फट निघते. हद्दीच्या वादात या नकाशावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

मूल्यांकन नकाशांकडे फार थोडे जण वळतात, याची मला हळहळ वाटते. १९१३ च्या संघीय कायद्याने रेल्वेच्या मालमत्तेची किंमत ठरवायचे काम निघाले, त्यासाठी हे काढले गेले. साइडिंग (बाजूचा रूळ), पाण्याची टाकी, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या मजुरांचे घर, गुरे चढवायचे कोंडवाडे हे सगळे स्थानकाच्या आवारात जागच्या जागी दिसते. गुरे गाडीत नेमकी कुठे चढत, याचे उत्तर इथेच मिळते. मात्र हे मिळवायला मेहनत पडते: मोठा साठा कॉलेज पार्क इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे, आणि आधी रेल्वेमार्गाचा तो तुकडा कोणत्या ‘मूल्यांकन विभागात’ येतो ते शोधावे लागते.

टोपो नकाशा फुकट आणि चटकन मिळतो. ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावर जुनी पत्रके उतरवून घेता येतात. मार्फा आणि अल्पाइनच्या मधल्या पैसानो खिंडीतून रूळ का गेला, ते त्यावरच्या समोच्च रेषा पाहताच उमगते. पवनचक्क्याही दाखवलेल्या असतात. फक्त टेक्सासात नकाशावर ‘टँक’ लिहिले असेल तर ते सहसा गुरांसाठी बांध घालून केलेले तळे असते. इंजिनाची उंच टाकी समजून फसू नका.

तेव्हा घर किंवा दुकान शोधत असाल तर सॅनबर्न, स्थानक आणि गुरांची चढउतार हवी असेल तर मूल्यांकन नकाशा, प्रत्यक्ष जाऊन माळ तुडवायचा असेल तर टोपो. भिंतीवर लावायला एकच प्रत घ्यायची असेल तर लँड ऑफिसचाच काउंटी नकाशा घ्या; त्याच्या प्रती तिथे विकत मिळतात.

कोणताही निवडा, शोधताना जुनी नावे वापरा. ब्रूस्टर आणि जेफ डेव्हिस या काउंट्या १८८७ मध्ये प्रेसिडिओतून वेगळ्या झाल्या, आणि शेजारचे अल्पाइन १८८८ पर्यंत मर्फीव्हिल होते. त्याआधीच्या पत्रकांवर अल्पाइन शोधाल तर हाती काही लागणार नाही. मर्फीव्हिल शोधा, आणि पत्रक १८८७ च्या आधीचे असेल तर तेही प्रेसिडिओ काउंटीत.