मातीचा रिपोर्ट आला म्हणजे जागा साफ झाली असं नाही : नाशिकमध्ये आमची झालेली फसवणूक

बंद कारखान्याची जागा साफ करून तिथे अभ्यासिका, मैदान असं काही करायचं तुमच्या कॉलनीत घाटत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्या मंडळाचे सव्वाचार लाख रुपये गेले. सगळी वर्गणी होती. त्यात धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायकांनी दिलेलेही पैसे होते, ते जास्त लागतं.

जागा सातपूर-अंबड पट्ट्यातली. वर्षानुवर्षं कुलूप असलेलं प्लेटिंगचं, म्हणजे धातूच्या वस्तूंवर मुलामा चढवण्याचं शेड. मालकाच्या वारसांनी ती मुलांसाठी वापरायला लिहून दिली. प्लेटिंग म्हटलं की क्रोमियम असण्याची शक्यता मोठी. त्याचं हेक्साव्हॅलंट नावाचं विषारी रूप पाण्यात सहज विरघळतं आणि ते कॅन्सरला कारण ठरतं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला फक्त 0.05 मिलिग्रॅम आहे. आजूबाजूला लोकांच्या बोअर आहेत, नंदिनी नदीही लांब नाही. म्हणूनच आम्ही जाणकार माणूस शोधत होतो.

ओळखीतून एक ‘पर्यावरण सल्लागार’ आला. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नियम काढले, त्या बातमीचं कात्रण त्याने पुढे केलं. "काका, आत्ता तुम्ही भरा, सहा महिन्यांत सरकारकडून परत मिळवून देतो." त्या नियमांचा गाभाच असा आहे की ज्याने जमीन नासवली त्याने खर्च सोसायचा. वर्गणी काढणाऱ्या मंडळाला पैसे परत करायची योजना ती नव्हे. हे आमिष इतरांनाही दाखवलं जाईल, म्हणून मुद्दाम सांगतो.

मग जेसीबी आला. वरची माती खरवडली, चुना मारला, कॅनमधून कसलं तरी द्रावण शिंपडलं. "हे बॅक्टेरिया क्रोमियम खाऊन टाकतात," म्हणाला. वरून मुरूम पसरला, रोलर फिरवला. जागा दिसायला छान झाली. पण नुसत्या चुन्याने हेक्साव्हॅलंट क्रोमियम बसत नाही. आधी फेरस सल्फेटसारखं काही वापरून त्याचं ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी घातक रूप करावं लागतं, तेव्हा कुठे ते विरघळायचं थांबतं. काही जीवाणूही त्याचं रूप बदलू शकतात, पण धातू आहे तो, कोणी खाऊन संपत नाही.

शेवटचा हप्ता घेताना त्याने माती तपासणीचा अहवाल दिला. शिक्का, सही, खाली ‘जमीन सामान्य’ असा शेरा. आमच्यातल्या एका दादांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. त्यांनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवत वाचत गेले : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश. "अहो, हा बागेच्या मातीचा रिपोर्ट आहे. मी काढतो दरवर्षी. यात क्रोमियम कुठंय?" पान उलटसुलट पाहिलं. तो शब्दच नव्हता. नमुनाही मुरूम टाकल्यानंतर, वरच्या वर घेतलेला.

मग बाकीचे कागद काढले. खरवडलेली माती रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर गेली असं बिलात होतं. जोडलेल्या काटा पावत्यांवर एकाच ट्रकच्या एकाच दिवसात तीन फेऱ्या. नाशिकहून पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला जाऊन यायलाच दिवस मोडतो! असा कचरा हलवला की 2016 च्या नियमांप्रमाणे फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचा नोंदकागद भरावा लागतो. त्याच्या रंगीत प्रती असतात आणि निळी प्रत केंद्राकडून पाठवणाऱ्याकडे परत येते. ती मागितली त्या दिवसापासून त्याचा फोन बंद आहे. आमची माती कुठल्या नाल्यात, कुणाच्या बांधावर पडली असेल, हा विचार पैशांपेक्षा जास्त छळतो.

पुढच्या पावसात मुरुमातून पिवळसर पाणी वर आलं आणि ऊन पडल्यावर कडेला पिवळी खपली धरली. आम्ही एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून खालच्या थरातले नमुने घेतले. मान्यता नेमक्या कोणत्या तपासणीला आहे तेही बघावं लागतं. एनएबीएलच्या वेबसाइटवर ते शोधता येतं, आणि आम्ही हेक्साव्हॅलंट क्रोमियम त्या यादीत आहे हे पाहूनच नमुने दिले. मातीत ते सापडलं.

आता गेटला कुलूप आहे आणि मुलांना आत सोडत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या माणसाने आणखी दोन कॉलन्यांत कोटेशन दिल्याचं कानावर आलंय. तुमच्याकडे बॅक्टेरियाचे कॅन आणि सरकारी परताव्याची भाषा घेऊन कोणी आलं असेल, तर आगाऊ रक्कम थांबवा. आधीच दिली असेल, तर पावत्या, बँकेचे व्यवहार, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, काहीही पुसू नका आणि स्वतःची तक्रार नोंदवा. एकट्या आमच्या तक्रारीवर तो "कामात मतभेद झाले" म्हणून सुटू पाहील.