पापुद्रे सुटणारी नखं : सात महिन्यांच्या काळजीनंतर

माझं काम साड्यांना फॉल-पिको करायचं. लग्नसराईत रेशमी साड्या जास्त येतात. गेल्या जूनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या पदराला माझ्या अंगठ्याचं फुटलेलं नख अडकलं आणि धागा ओढला गेला. सुईने तो मागे सारला, कुणाला दिसलाही नसता. तरी मी त्या ताईंना सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा दोन्ही अंगठे आणि तर्जनीच्या टोकाला कांद्यासारखे पातळ पापुद्रे सुटायचे. आधी मी दोन चुका केल्या होत्या. नखावर पांढरा ठिपका दिसला म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं, त्यात कॅल्शियम नगण्य. असे ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी लागलेल्या बारीकशा माराचे असतात. दुसरी चूक म्हणजे नखं टणक करणारं पॉलिश. पंधरा दिवस छान वाटलं, मग नखं कडक होऊन मधूनच तुटायला लागली. अशा काही पॉलिशमध्ये फॉर्माल्डिहाइड नावाचं रसायन असतं. त्याने नख कडक होतं, पण त्याची लवचीकता जाते. माझ्या दृष्टीने ते पैसे पाण्यात गेले.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी पायाची नखं दाखवायला सांगितली. ती धडधाकट होती. म्हणजे कारण बहुधा बाहेरचं, असं त्या म्हणाल्या, आणि मग विचारलं, ‘‘दिवसातून किती वेळा हात ओले होतात?’’ घरी येऊन मोजलं तर भांडी, कणीक, भाज्या, फरशी धरून 26 वेळा! मी समजत होते, कोरड्या नखांना पाणी कमी पडतंय. खरं तर नख पाणी शोषून फुगतं, वाळलं की आक्रसतं, आणि हे रोज इतक्यांदा झालं की त्याच्या थरांची पकड सुटते. भांड्यांच्या साबणाने उरलंसुरलं तेलही जातं.

त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण दोन्हींच्या कमतरतेने नखं ठिसूळ होतात. मी तेव्हा नखांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्वही घेत होते. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, म्हणून तपासणीआधी काही दिवस ते थांबवायला लावलं. रिपोर्ट चांगले आले. बायोटिन पुन्हा सुरू केलंच नाही.

आता मी रोज काय करते ते सांगते. भांडी घासताना आत पातळ सुती मोजे, वरून रबरी हातमोजे. नुसते रबरी घातले तर आत घाम येतो आणि हात पुन्हा ओलेच. सुती मोज्यांचे तीन जोड केलेत, रोज धुते. पहिला आठवडा पकड येत नव्हती, एक कप फुटला. नंतर सवय झाली. कणीक मात्र मोजे घालून मळता येत नाही. ती मळून झाली की हात लगेच धुऊन नखांच्या कडांपर्यंत कोरडे पुसते.

रात्री साधी पेट्रोलियम जेली, नखावर, मुळाशी आणि टोकाच्या खालूनही. जेली नखात ओल घालत नाही, आहे ती उडू देत नाही. म्हणून हात धुतल्यावर, पुसून लगेच लावायची. माझ्या धंद्यात अडचण अशी, की रेशमावर तेलकट बोट लागलं तर डाग पडतो. त्यामुळे दिवसा लावता येत नाही. काम आवरल्यावर संध्याकाळी एकदा आणि झोपताना एकदा, एवढंच जमतं. खोबरेल तेलही महिनाभर लावून पाहिलं. वाईट नाही, पण उशीला पुसलं जातं.

नखं घासायची पत्र्याची कानस टाकून काचेची घेतली, आणि ती एकाच दिशेने फिरवते. मागेपुढे घासलं की थर उलगडतात. मुळाशी असलेली कातडी कापणं बंद केलं, ती नखाचं झाकण आहे.

दीड महिना काहीच फरक दिसला नाही. इथेच बहुतेक जणी सोडून देतात, मीही सोडणार होते. मग अंगठ्यावरचा तो पांढरा ठिपका शिवणकामाच्या टेपने मोजायला लागले. महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर पुढे सरकायचा. हाताचं नख पूर्ण नवं यायला साधारण सहा महिने लागतात. फुटलेला भाग सांधत नाही, कापून जाईपर्यंत थांबावं लागतं. डिसेंबरात ठिपका टोकाला पोचला आणि नेलकटरने निघून गेला. त्याच्यामागून आलेलं नख एकसंध होतं, तेव्हा माझे डोळे भरून आले.

सगळं मिटलेलं नाही. उजव्या अंगठ्याने मी फॉलची घडी दाबते, तिथला कोपरा अजून कधीकधी सुटतो. उभ्या रेघाही तशाच आहेत. वयाप्रमाणे त्या येतात म्हणे. नख पिवळं-जाड होत असेल, बोटापासून सुटत असेल किंवा नवी काळी रेघ दिसली, तर जेलीवर भरवसा न ठेवता डॉक्टरांना दाखवा.

परवा त्याच ताई मुलीच्या शालूला फॉल लावायला आल्या. जरीवरून मी अंगठा सावकाश फिरवला. कुठेच अडकला नाही.