सार्वजनिक व्यवस्थापकाने सूक्ष्म अर्थशास्त्र कसे शिकावे: सिद्धांताच्या वाटेने की निर्णयांच्या?

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या दोन अभ्यासक्रमांची, एक सिद्धांतप्रधान आणि एक निर्णयप्रधान, माहितीपत्रके शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसत नाही. मागणी, पुरवठा, लवचिकता, खर्च, मक्तेदारी, बाजाराचे अपयश ही प्रकरणे दोन्हीकडे असतात. खरा फरक कोणत्या प्रकरणाला किती आठवडे दिले आहेत, यात असतो. सिद्धांतप्रधान अभ्यासक्रम साधारण पहिले तीन-चार आठवडे ग्राहकाच्या निवडीवर घालवतो: समवृत्ती वक्र, अंदाजपत्रक रेषा, उत्पन्न परिणाम आणि पर्यायता परिणाम. मग उत्पादन, खर्च आणि बाजाराचे प्रकार येतात. बाह्य परिणाम, सार्वजनिक वस्तू आणि अपुरी माहिती हे विषय शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कोंबले जातात. सार्वजनिक व्यवस्थापकांसाठी बेतलेला निर्णयप्रधान अभ्यासक्रम हा क्रम उलटवतो. ग्राहकाचा सिद्धांत तो आठवडा-दीड आठवड्यात उरकतो आणि उरलेला वेळ खर्चाची वर्गवारी, शुल्क ठरवणे, कंत्राटे आणि लाभ-खर्च विश्लेषण यांना देतो.

नफा हे उद्दिष्ट आणि बाजारात ठरलेली किंमत, या दोन गोष्टी नेहमीच्या पाठ्यक्रमात गृहीत असतात. सार्वजनिक सेवेत बहुधा दोन्ही नसतात. दवाखान्यात केसपेपर मोफत असेल तर मागणी किमतीने आटोक्यात येत नाही, रांगेने येते. मग लोक पैशांऐवजी वेळ मोजतात. तो वेळ संस्थेच्या जमाखर्चात कुठेच दिसत नाही आणि तो कोणाच्या पदरात पडतही नाही. किंमत शून्य असताना काय घडते हे ज्या अभ्यासक्रमात दोन तासही शिकवले जात नाही, तो व्यवस्थापकासाठी अपुरा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता खर्चाचे प्रकरण. दोन वाटांमधली तफावत इथे सर्वांत ठळक दिसते, आणि बहुतेक महागड्या चुकाही इथेच होतात. एका प्रयोगशाळेचा महिन्याचा स्थिर खर्च १२ लाख आहे, महिन्याला ४,००० तपासण्या होतात आणि प्रत्येक तपासणीमागे रसायने व साहित्य १५० चे लागते. सरासरी खर्च ४५० पडतो. बाहेरची प्रयोगशाळा ३०० मध्ये तपासणी करून द्यायला तयार आहे. कागदावर दर तपासणीमागे १५० वाचतात. प्रत्यक्षात काम बाहेर दिल्यावर पगार आणि जागेचे भाडे तसेच चालू राहिले, तर टळणारा खर्च फक्त १५० आहे. म्हणजे दर तपासणीमागे १५० चा, महिन्याला ६ लाखांचा तोटा. हेच भाड्याचे करार संपत आले असतील आणि कर्मचाऱ्यांना दुसरीकडे खरोखर गरजेचे काम असेल, तर उत्तर पालटते, कारण १२ लाखांतला मोठा भागही टाळता येतो. प्रश्न नेहमी एकच असतो: या निर्णयामुळे, या मुदतीत, नेमका कोणता खर्च बदलतो?

सिद्धांतप्रधान वर्गात हेच ‘अल्पकाळ’ आणि ‘दीर्घकाळ’ या नावांनी, वक्रांच्या आकृत्यांसह शिकवतात. आकृती बिनचूक काढता येते, पण निविदेच्या फाइलमध्ये तीच गोष्ट ओळखता येत नाही, असे वारंवार घडते. निर्णयप्रधान वर्गात खऱ्या वाटाव्यात अशा खर्चाच्या तक्त्यातून टळणारे, न टळणारे आणि बुडीत (आधीच झालेले, परत न मिळणारे) खर्च हाताने वेगळे करायला लावतात. या एका बाबतीत दुसरी वाट निर्विवाद सरस आहे.

गणिताच्या बाबतीत चित्र बदलते. सिद्धांताच्या वाटेला आंशिक विकलन आणि लाग्रांज पद्धत (मर्यादेत राहून सर्वोत्तम पर्याय शोधण्याचे गणित) लागते. त्याची धास्ती घेऊन अनेकजण मागे फिरतात. पण या पद्धतीतून मिळणारा लाग्रांज गुणक सांगतो की अंदाजपत्रकात आणखी एक रुपया मिळाला तर उद्दिष्टात किती भर पडेल. निधी मागणाऱ्या अधिकाऱ्याला याहून उपयोगी आकडा क्वचितच मिळेल. निर्णयप्रधान अभ्यासक्रम तोच विचार समसीमान्त नियमातून देतो: शेवटच्या रुपयाचा लाभ जिथे जास्त, तिथे पैसा वळवावा. कार्यक्रम ‘अ’मध्ये दर लाखामागे सरासरी ५० रुग्ण टळतात, ‘ब’मध्ये ३०. तरी ‘अ’चा शेवटचा लाख फक्त १० रुग्ण टाळत असेल आणि ‘ब’चा शेवटचा लाख २५, तर पैसा ‘ब’कडे वळवावा. सरासरीकडे पाहून वाटप केले तर नेमके उलटे होते. बहुतेक व्यवस्थापकांना एवढी समज पुरते. ज्यांना नियामकाचे दरनिश्चितीचे अहवाल तपासायचे आहेत किंवा सल्लागारांच्या प्रतिमानांना आव्हान द्यायचे आहे, त्यांना मात्र गणिताशिवाय गत्यंतर नाही.

निर्णयप्रधान वाटेचा धोका वेगळा आहे. तिथे निष्कर्ष लवकर हाती येतात आणि त्यांमागची गृहीतके निसटतात. न्यूझीलंडने १९९० मध्ये रेडिओ लहरींचे (स्पेक्ट्रमचे) परवाने दुसऱ्या किमतीच्या लिलावाने विकले. या पद्धतीत सर्वांत मोठी बोली लावणारा जिंकतो, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच भरतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिकरी यांनी १९६१ मध्ये मांडलेला हा विचार आपल्या गृहीतकांत भक्कम आहे. पण राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचे नाही अशी किमान किंमत, ठेवली नव्हती आणि बोली लावणारे थोडे होते. एका विजेत्याने १ लाख न्यूझीलंड डॉलरची बोली लावून ६ डॉलर भरले; ७० लाखांची बोली लावणाऱ्या दुसऱ्याला ५,००० डॉलरच द्यावे लागले. ‘लिलाव कार्यक्षम असतो’ एवढेच वाक्य पाठ करून बाहेर पडणाऱ्याच्या हातून असेच घडू शकते. कोणत्या अटींवर कार्यक्षम, हे सिद्धांत शिकवतो.

लाभ-खर्च विश्लेषण सिद्धांतप्रधान वर्गात बहुधा नसतेच किंवा एका व्याख्यानात संपते. त्यासाठी दुसरी वाटच धरावी लागते, आणि तिथे किमान तीन गोष्टी हाताने सोडवून घ्यायला हव्यात. पहिली, वटाव दर (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढण्याचा दर): १० वर्षांनी मिळणारे १०० आज ४ टक्के दराने सुमारे ६७.६ ठरतात, १० टक्क्यांनी सुमारे ३८.६. केवळ दर बदलून प्रकल्प पास-नापास होऊ शकतो, म्हणून दोन-तीन दरांनी गणित मांडावे. दुसरी, दुहेरी मोजणी: नव्या रस्त्यामुळे वाचलेला प्रवासाचा वेळ लाभात धरला आणि त्याच कारणाने वाढलेले जमिनीचे भावही धरले, तर एकच लाभ दोनदा मोजला जातो. तिसरी, हस्तांतर: अनुदान एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाते, समाजाच्या दृष्टीने तो स्वतः लाभही नाही, खर्चही नाही.

लवचिकता, म्हणजे किंमत एक टक्का बदलल्यावर मागणी किती टक्के बदलते, दोन्हीकडे बरी शिकवतात. एक तपासणी पुरे: बसभाडे १० टक्क्यांनी वाढवले आणि लवचिकता उणे ०.३ असेल तर प्रवासी सुमारे ३ टक्के घटून उत्पन्न साधारण ६.७ टक्के वाढते. पुढच्या काही वर्षांत लोकांनी दुसरी वाहने शोधली आणि लवचिकता उणे ०.७ झाली, तर वाढ २.३ टक्क्यांवर येते. शिक्षक पहिल्याच आकड्यावर थांबत असतील तर सावध व्हावे.

स्वतः वाचून शिकणे हा तिसरा पर्याय स्वस्त आहे, पण आकृत्या आणि गणिते तपासणारे कोणी नसल्याने चूक पक्की होत जाते. दोघे-तिघे सहकारी दर आठवड्याला एकमेकांची उत्तरे तपासणार असतील तरच तो निवडावा.

सेवा, खरेदी किंवा शुल्क यांचे निर्णय तुमच्या टेबलावर येत असतील तर निर्णयप्रधान अभ्यासक्रम आधी घ्या. ३० ते ४० तास मनापासून दिले तर तो पचतो. नियमन, करधोरण किंवा संशोधन विभागाकडे जायचे असेल तर सिद्धांताची पूर्ण वाट धरा आणि आठवड्याला सहा-आठ तास बाजूला ठेवा. प्रवेश घेण्याआधी गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागून घ्या. तिच्यात अपुरी आकडेवारी देऊन गृहीतके लिहायला लावणारा एक तरी प्रश्न आहे का ते पाहा. सगळेच प्रश्न ‘व्याख्या द्या’ किंवा ‘आकृतीसह स्पष्ट करा’ असे असतील, तर अभ्यासक्रमाच्या नावात ‘व्यवस्थापक’ असले तरी तुमचे काम तिथे शिकवले जात नाही.