मंडईजवळच्या दुकानातील कात: पांढरा आणि काळा

सुती आणि रेशमी कापड नैसर्गिक रंगांत रंगवण्यासाठी मला कात वरचेवर लागतो, आणि तो मी पुण्यात मंडईच्या परिसरातील एका जुन्या काष्ठौषधींच्या दुकानातून घेतो. पुढे तक्रारही येणार असल्याने दुकानाचे नाव लिहीत नाही. तिथे दोन प्रकार मिळतात: फिकट रंगाच्या ठिसूळ वड्यांचा ‘पांढरा’ कात आणि गडद तपकिरी, चकचकीत ढेकळांचा ‘काळा’ कात. पांढऱ्याचा भाव जवळपास दुप्पट आहे, कारण दुकानात तो उंची माल आणि काळा हलका माल समजला जातो. ही प्रतवारी पानापुरती योग्य आहे. रंगकामासाठी मात्र ती उलटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही निघतात एकाच खैराच्या गाभ्यातून. लाकडाचे तुकडे पाण्यात उकळून, काढा आटवून निवत ठेवला की त्यातील कॅटेचिन हे तुरट संयुग स्फटिकरूपाने खाली बसते, कारण ते गरम पाण्यात सहज विरघळते, गार पाण्यात फारसे विरघळत नाही. तो साका गाळून, दाबून वाळवला की पांढरा कात तयार होतो. उरलेल्या गडद द्रवात मुख्यतः संघनित टॅनिन ही तुरट द्रव्ये असतात, म्हणजे कॅटेचिनच्याच कुळातील रेणू कार्बन-कार्बन बंधांनी एकमेकांना जोडले जाऊन झालेल्या साखळ्या. हा द्रव आटवला की काळा कात मिळतो. काही ठिकाणी साका वेगळा न काढता सगळाच काढा आटवतात.

हा फरक जिभेलाही कळतो. पांढऱ्या काताचा कण आधी कडवट-तुरट लागतो आणि मागाहून किंचित गोडसर चव ठेवून जातो, तर काळ्याने हिरड्यांपर्यंत तोंड आवळते. लांब साखळीवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पुष्कळ असतात. ते लाळेतील प्रोलीनयुक्त प्रथिनांना अनेक जागी धरून त्यांचा साका करतात आणि तोंडातला ओशटपणा जातो. सुट्या कॅटेचिनची पकड तेवढी नसते. चुन्याशी गाठ पडली की मात्र तेच कॅटेचिन अल्कधर्मी माध्यमात हवेतील ऑक्सिजनमुळे झपाट्याने लाल होते, म्हणून पानवाल्याने पांढऱ्यासाठी जास्त पैसे मोजणे समजण्यासारखे आहे. (पान त्यामुळे निर्धोक होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी कर्करोगकारक ठरवली आहे, आणि कात कितीही चांगला असला तरी त्यात फरक पडत नाही.)

रंगाच्या पातेल्यात काळा कात सरस ठरला. रेशीम हे मुळात प्रथिनच, त्यामुळे ते टॅनिन स्वतःहून धरते आणि दाट तांबूस तपकिरी होते. सुती कापडाला आधी तुरटीचे पाणी द्यावे लागते. हिराकशीच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, पाण्यात बुडवल्यावर कातात रंगवलेल्या कापडावर हिरवट झाकेचा काळपट रंग येतो, तर हिरडा या औषधी फळाच्या काढ्यात रंगवलेल्यावर निळसर काळा. हिरड्यातील टॅनिनमध्ये गॅलिक आम्लाचे घटक असतात आणि त्यांच्या वलयावर तीन हायड्रॉक्सिल गट शेजारीशेजारी असतात. कातातील रेणूंवर दोनच, म्हणून लोहाशी जमणारा रंग वेगळा. हिरड्याचे टॅनिन आम्लाने फुटून गॅलिक आम्ल आणि साखर सुटी होतात. काताच्या साखळ्या तशा फुटत नाहीत, उलट आणखी जोडल्या जाऊन पाण्यात न विरघळणारा लाल पदार्थ बनतो. काताचा रंग धुण्याला टिकतो, त्यामागे हे एक कारण आहे.

तक्रार आहे ती पांढऱ्या काताबद्दल. मागच्या खेपेच्या वड्या उकळत्या पाण्यात टाकल्या, तेव्हा कॅटेचिन विरघळून गेल्यावरही तळाशी बोटांना खरखरीत लागणारा गाळ राहिला. तो न विरघळलेला कात असता तर आणखी उकळून कमी झाला असता, आणि जुना होऊन लाल पडलेला पदार्थ असता तर स्पिरिटमध्ये बराचसा उतरला असता. दोन्हीपैकी काहीच झाले नाही. लोखंडी पळीत जाळून पाहिला, तर मातकट राख जवळपास तितकीच उरली, म्हणजे वडीत माती मिसळली होती. दुकानदारांनी वाद न घालता वड्या बदलून दिल्या, पण “वरूनच असा येतो, ताई,” एवढेच म्हणाले. दुप्पट भाव घेताना हे उत्तर पुरेसे नाही. कॅटेचिनचे प्रमाण पाकिटावर छापलेले नसते, हीही उणीवच आहे.

काळ्या कातात असा गाळ मला आढळला नाही. ढेकूळ समोर फोडून हवे तेवढे वजन करून देतात, आणि फोडलेली बाजू एकसारखी चमकते की त्यात राखाडी रेघा आहेत, हे तिथेच पाहता येते. रंगकामासाठी या दुकानातून काळाच कात घ्यावा. पानासाठी पांढरा हवा असल्यास आधी एकच वडी आणून गरम पाण्यात विरघळवून पाहावी.